अळूच्या गाठींचा अंतरिम अहवाल

आजार कोणालाही होऊ शकतो, हे आता सर्वमान्य आहे. कारणाशिवाय मात्र तो कोणालाही होता कामा नये. साध्या सर्दीलासुद्धा आमच्याकडे आदल्या दिवशीचं ताक, पंख्याचा वेग किंवा ओले केस यांपैकी एक तरी कारण द्यावं लागतं. मग ज्याच्या डोक्यात गाठ निघते, त्याने "अशीच झाली" म्हणून हात वर करावेत, हे शेजारधर्माला धरून नाही.

आमची आनंदकंद सहकारी गृहनिर्माण संस्था (मर्यादित) बोरीवली पूर्वेला आहे. दोन विंग, अठ्ठेचाळीस फ्लॅट, एक लिफ्ट (चालू) आणि एक लिफ्ट (चर्चेत). ए विंगमध्ये बहुतेक मराठी, बी विंगमध्ये बहुतेक गुजराती, आणि कुकरच्या शिट्ट्या दोघांच्या एकाच वेळी. मी नंदकुमार सबनीस, सचिव. नोकरी वजनमापे खात्यात झाली, अडतीस वर्षं. बोरीवली ते मुलुंड असा एकही तराजू नसेल की जो मला बघून सरळ झाला नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट तोलून मग बोलायची, ही माझी सवय. (माझी बायको कुंदा म्हणते, की मी बोलून झाल्यावर तोलतो. असो.)

ए विंगमधल्या तीनशे चारमध्ये गुणाजी परब राहतात. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, हे स्वतः औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि आता निवृत्त आहेत. माणूस सज्जन. मेंटेनन्सबद्दल कधी वाद नाही, पार्किंगबद्दल तर नाहीच, कारण गाडीच नाही. असा सभासद आजारी पडला की संस्थेला वाईट वाटतं.

शिमग्यापासून त्यांचं डोकं दुखत होतं. पुढे शब्द सापडेनासे झाले. एकदा लिफ्टमध्ये मला "कितवा मजला" विचारायच्या ऐवजी "कितवा बांगडा" म्हणाले आणि स्वतःच हसले. मग उजव्या हातातून चहाचा कप पडला. जूनच्या शेवटी एमआरआय झाला. मेंदूवरच्या आवरणाला गाठ. डॉक्टर म्हणाले, साधी आहे, पण जागा चुकीची आहे, पंधरा दिवसांत काढून टाकू. बातमी सकाळी साडेदहाला तिसऱ्या मजल्यावर आली आणि पावणेअकराला बी विंगच्या गच्चीवर पोचली.

पहिल्या तीन दिवसांत परबांकडे शेहेचाळीस माणसं येऊन गेली. (मोजली, सवय.) पैकी त्रेचाळीस जणांनी चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारला तो असा, की "काय खायचे हो?" बी विंगच्या किरीटभाईंनी तो गुजरातीत विचारला, तो मराठीत धरला आहे. दोघांनी हॉस्पिटल कुठलं ते विचारलं. उरलेला एक शिडी परत मागायला आला होता. गुणाजी पलंगावर भिंतीला टेकून बसलेले, आणि सगळे प्रश्न त्यांच्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होते. दारात नलिनीवहिनी उभ्या. चौतीस वर्षं त्या माणसाला रोज दोन वेळा त्यांनीच वाढलं होतं, म्हणजे जबाब त्यांचाच घ्यायचा, हे उघड होतं.

इतक्या लोकांनी इतक्या वेळा तेच विचारायचं, त्यात शिस्त नव्हती. म्हणून मी तातडीची बैठक बोलावून 'गाठ-कारण आहार शोध उपसमिती' स्थापन केली. अध्यक्ष मी. सदस्य दोन. पहिल्या मृणालिनीताई, ज्यांनी 'आहार आणि आपण' हा तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला आहे. (तिसरा आठवडा नेट गेल्यामुळे बाकी.) दुसरे किरीटभाई, बी विंगचे प्रतिनिधी, स्वभावाने गोड आणि आहाराने अधिक गोड. डॉक्टर एकही घेतला नाही. डॉक्टर आला की चर्चा मोकळेपणाने होत नाही, हा आजवरचा अनुभव आहे.

आम्ही वहिनींना बासष्ट प्रश्नांचा तक्ता दिला. बाईचं पाठांतर जबरदस्त. कुठल्या साली कुठलं तेल, कुठल्या गौरीला किती घावणे, कुठल्या पावसाळ्यात सुक्या बांगड्याला बुरशी आली आणि तो फेकला की उन्हात घातला, सगळं सांगितलं. मी लगेच वजनं काढली. सरासरी बांगडा एकशे वीस ग्रॅम, आठवड्याला चार, तर चौतीस वर्षांत आठशे अठ्ठेचाळीस किलो सहाशे चाळीस ग्रॅम. आकडा वाचून दाखवला तेव्हा गुणाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मृणालिनीताईंनी ते पश्चात्तापाचं म्हणून नोंदवलं. मला ते आठवणीचं वाटलं, पण मी अध्यक्ष होतो, गप्प बसलो.

आता शास्त्र म्हटलं की कसोटी हवी. उपसमितीने कसोटी ठरवली ती अशी: जो पदार्थ उपसमितीचे निदान दोन सदस्य स्वतः खातात, तो निर्दोष. ते सदस्य तर समोर धडधाकट बसलेले आहेत. त्याहून मोठा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार?

काम भराभर झालं. बांगडा किरीटभाईंनी दोषी धरला, पण मृणालिनीताई आणि मी दोघंही खातो, तेव्हा सुटला. वडापाव चर्चा सुरू होण्याआधीच निर्दोष ठरला, कारण चर्चेला तोच होता. चहा विषयपत्रिकेवर घ्यायलाच एकमताने नकार देण्यात आला. पापड, लोणचं, फरसाण, रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन, हे सगळे हात धुऊन बाहेर पडले. एकदा तळलेलं तेल पुन्हा वापरण्याचा मुद्दा निघाला, तेव्हा आतून कुंदाने भांडं आपटलं. विषय गंभीर असल्यामुळे पुढे ढकलला. मोबाइलचं कोणीतरी काढलं, पण तो खाद्यपदार्थ नाही म्हणून अधिकारक्षेत्राबाहेर. तिसऱ्या दिवशी पाहतो तर आरोपीच शिल्लक नाही. सगळा आहार सुटला आणि गाठ तशीच.

त्या काळात सभासद घाबरू नयेत म्हणून मी परिपत्रक काढलं: 'सर्वांनी गाठीबाबत सावध राहावे.' बी विंगसाठी ते फोनकडून गुजरातीत करून घेतलं. फोनने त्याचं 'गांठियाथी सावधान' केलं. रविवारी सकाळी बी विंगमध्ये गाठिया, पपईचा संभारो आणि तळलेली मिरची यांच्यावाचून दिवस उजाडत नाही. त्या रविवारी तिथे स्मशानशांतता. चोवीस फ्लॅटमधून अठ्ठावीस किलो गाठिया ओल्या कचऱ्यात गेला. (तो देवनारच्या कचराभूमीवर पोचला की कांजूरच्या, याबद्दल एकमत नाही. तिथल्या कावळ्यांची डोकी तपासण्यात आलेली नाहीत.) खुलासा केला तोवर किरीटभाईंनी राजीनामा दिला होता. कारणाच्या जागी त्यांनी फक्त "दुःख थयूं" एवढंच लिहिलं. तेव्हापासून उपसमितीत एक जागा रिकामी आहे.

पण चुकीतूनच शोध लागतात. परिपत्रकाचा तो गोंधळ निस्तरताना मृणालिनीताईंनी वहिनींचा तक्ता पुन्हा चाळला आणि एकदम थांबल्या. चव्वेचाळिसाव्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं होतं: श्रावणी सोमवारी, अळूच्या गाठी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही अळूचं फदफदं करतो, बी विंग त्याच अळूचा पात्रा करते. वहिनी मात्र अळूचं कोवळं पान सुरळी करून, त्याला हाताने गाठ मारून, ती गाठ चिंच आणि काळे वाटाणे घातलेल्या आमटीत सोडतात. त्यांच्या आईची पद्धत. संपूर्ण संस्थेत हा पदार्थ दुसऱ्या कोणाकडे होत नाही. उपसमितीचा एकही सदस्य तो खात नाही. आणि नावातच गाठ! मृणालिनीताईंनी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली. मी हिशेब मांडला: श्रावणात चार सोमवार, गुणाजींच्या पानात दर खेपेला बारा, चौतीस वर्षं. एकूण एक हजार सहाशे बत्तीस गाठी. (पाच सोमवारांचे श्रावण सवलतीत सोडले.) पैकी एक हजार सहाशे एकतीस पचल्या असं धरलं, तरी एक कुठे गेली याचा मेळ लागत नव्हता.

अंतरिम अहवाल एकमताने मंजूर झाला. दोघांत एकमत लवकर होतं.

त्यावर उपाय काय, हेही उपसमितीने सुचवलं, कारण नुसता दोष दाखवून मोकळं होणं आमच्या स्वभावात नाही. मृणालिनीताई म्हणाल्या, गाठ कापायची नसते, सोडवायची असते. कारण काढून घेतलं की आपोआप सैल पडेल. म्हणून ऑपरेशन नव्वद दिवस पुढे ढकलावं, आणि तोवर गुणाजींना निर्दोष आहार द्यावा, तोही संस्थेतर्फे, पाळीपाळीने. सोमवारी बीट, मंगळवारी जवस, बुधवारी दुधीचा रस, असा तक्ता मी नोटीस बोर्डावर लावला. बदामांवरून दोन तट पडले, भिजवलेले पाच की सात. तडजोड म्हणून सहा दिले.

वहिनींनी हे सगळं ऐकलं आणि मान डोलावली. मला वाटलं होतं भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आज म्हणतो. त्यांनी हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली आणि चूल बंद केली. मग एक विचित्र प्रकार सुरू झाला, जो कुंदाने आधी टिपला. वहिनी घरातल्या गाठी सोडवत सुटल्या. कपड्यांची दोरी, जुन्या पेपरांचे गठ्ठे, पडद्याची दोरी, डब्याचं फडकं, सगळं मोकळं. गहू पोत्यातून सांडले तरी तोंड बांधलं नाही. एक दिवस जिन्यात त्यांनी मला थांबवलं. हात पदराला पुसत खाली बघून विचारलं,

"भावजी, ती गाठ माझ्याच हातची काय ओ?"

मी सचिव होतो. खोटी आशा देणं नियमात बसत नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, निष्कर्ष अजून अंतरिम आहे."

एवढं बोलून मी खाली दूध आणायला गेलो.

गुणाजी निर्दोष आहारावर वाळत चालले. पाचव्या आठवड्यात उजवा पाय ओढू लागले. त्यांच्याकडे दुधीच्या रसाचा पेला पोचवायची माझी पाळी होती, तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने बाजूला सारला आणि एकेक शब्द शोधून काढत मला म्हणाले, "सबनीसांनू, मी काय खाल्लंय, ता सगळ्यांनी इचारल्यानी. माका काय होता, ता कोणी इचारूक नाय." मी तक्ता पाहिला. असा प्रश्न खरोखरच बासष्टांत नव्हता. मी त्रेसष्टावा म्हणून पुढच्या बैठकीसाठी टिपून घेतला.

ती बैठक झाली नाही. चाळिसाव्या दिवशी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी सातला गुणाजी न्हाणीघरातून बाहेर येईनात. वहिनी आत गेल्या तर ते लेंगा एका हाताने धरून उभे होते आणि नाडी बांधता येत नव्हती म्हणून रडत होते. ही हकीकत वहिनींनीच मागाहून कुंदाला सांगितली. त्यांनी गुडघ्यावर बसून नवऱ्याच्या लेंग्याच्या नाडीला गाठ मारली. चाळीस दिवसांतली पहिली. पक्की मारली. मग उठल्या, कपाटातून एमआरआयचं पाकीट काढलं, चपला घातल्या.

मी लिफ्टपाशी उभा होतो. शेजारी म्हणून नव्हे, अध्यक्ष म्हणून मी त्यांना आठवण करून दिली की नव्वदांपैकी अजून पन्नास दिवस बाकी आहेत आणि मधेच सोडलं तर प्रयोग फुकट जाईल. वहिनींनी गुणाजींचा हात आपल्या खांद्यावर नीट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भावजी, आता आड येशात, तर गाठ माझ्याशी आसा."

मी आड आलो नाही. लिफ्टचं दार मीच धरलं. पुढे रिक्षाही मीच थांबवली आणि निरीक्षक या नात्याने तीत बसलो, मांडीवर एकशे बारा पानांची फाइल घेऊन.

डॉक्टर गंधाली नावाच्या बाई होत्या, पस्तिशीच्या. त्यांनी गुणाजींना हात वर करायला सांगितला, चालायला लावलं, जुना फोटो लावून पाहिला, आणि पहिला प्रश्न विचारला: चाळीस दिवस कुठे होता? मी फाइल पुढे केली. त्यांनी मधलंच एक पान उघडलं. बांगड्याचं होतं. थोडा वेळ वाचत राहिल्या, मग फाइल मिटून माझ्या हातात परत दिली आणि नर्सला बेड रिकामा करायला सांगितलं.

वहिनी तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, मी अळवाक गाठी मारी. तेच्यान झाला?"

"नाही ताई," डॉक्टर म्हणाल्या. "खाण्यानं झाली असं म्हणायला काही आधार नाही. अशी गाठ कशाने होते, ते बहुतेक वेळा आम्हालाही सांगता येत नाही. किती वर्षं हळूहळू वाढत असेल. तुमचा काहीही दोष नाही."

वहिनी बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. चाळीस दिवसांचं रडणं होतं ते. मी शेजारी बसलो होतो. अडतीस वर्षांत मी खोटी वजनं खूप पकडली. पण त्या बाईच्या डोक्यावर आम्ही ठेवलेलं वजन मला पकडता आलं नव्हतं, आणि शिक्का तर माझाच होता. मला लाज वाटली. ही बाब इतिवृत्तात घेतलेली नाही.

ऑपरेशन नीट झालं. मी गाठीचं वजन विचारलं; अडतीस ग्रॅम. गुणाजी अकराव्या दिवशी घरी आले, डोक्याला बावीस टाके. प्रत्येक टाक्याला डॉक्टरांनी शेवटी गाठच मारली होती, हे किरीटभाईंनी जवळून पाहून सांगितलं. पुढच्या सोमवारी तीनशे चारमधून चिंच आणि खोबऱ्याच्या वाटणाचा वास आला. गुणाजींनी डाव्या हाताने बारा खाल्ल्या. उजवा आता येतो आहे. बोटं अजून पूर्ण वळत नाहीत. चाळीस दिवस आधी आला असतात तर कदाचित तीही वळली असती, असं डॉक्टर म्हणाल्या. मी ते फाइलला लावलं आहे.

सर्वसाधारण सभेत डॉक्टरांचं मत मांडलं. 'कारण सांगता येत नाही' हे वाक्य वाचल्याबरोबर सभागृहात चुळबुळ सुरू झाली. एक्केचाळीस विरुद्ध तीन मतांनी ते फेटाळण्यात आलं. (विरोधात परब नवरा-बायको, आणि मी.) सभासदांचं म्हणणं रास्त होतं. गुणाजींना अळूमुळे झालं असेल तर उरलेल्या सत्तेचाळीस फ्लॅटना चिंता नाही. कारणच नसेल, तर ते उद्या कोणाच्याही मजल्यावर येईल. असली अनिश्चितता संस्थेला परवडत नाही. अंतरिम अहवाल अंतिम म्हणून कायम झाला आणि मृणालिनीताई नव्या अध्यक्षा झाल्या.

इथे खरं तर अहवाल संपतो. पण गेल्या गुरुवारपासून माझ्या डाव्या भुवईच्या वर ठणकतंय. सुरुवातीला लक्ष दिलं नाही, मग कुंदाने खाली कोणाला तरी सांगितलं, आणि शनिवारी संध्याकाळी मृणालिनीताई बासष्ट प्रश्नांचा तक्ता घेऊन आल्या. (त्रेसष्टावा त्यात नाही. तो माझ्याच वहीत राहून गेला.) तक्ता कुंदाच्या हातात दिला. कुंदा तो घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, अगदी तशीच. मी डोळे मिटून पडलो होतो आणि मनात शोधत होतो, अख्ख्या संस्थेत आपण एकटेच खातो असं काय असेल. सापडलं. काय ते सांगत नाही.

रविवारी नलिनीवहिनी आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, आत आल्या, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टरकडे जाऊन इलात काय?" अठ्ठेचाळीस फ्लॅटमधून हे विचारणारं एकच माणूस. उद्या सकाळी दहाची वेळ घेतली आहे. सोबत त्याच येणार आहेत.

तुम्ही परगावचे, परक्या संस्थेतले, तुम्हाला या सगळ्याशी काय करायचंय, हे मला मान्य आहे. एक सांगा फक्त. गुणाजींच्या ताटातले पदार्थ वाचताना मनातल्या मनात आपल्या ताटाशी ताडून पाहिलेत ना? अळूच्या गाठी आपल्याकडे होत नाहीत म्हटल्यावर जरा बरं वाटलं ना? आणि आत्ता, या घटकेला, माझ्या डोक्याचं उद्या काय निघेल हे तुम्हाला विचारायचंय, की सबनीस असं काय खातात हे?

दुसरं असेल तर किरीटभाईंची जागा अजून रिकामी आहे.